बेसन, नग दोन

माणसाच्या आयुष्यात काही गोष्टी दुसऱ्या खेपेलाच गोड लागतात. चहाचंच पाहा. सकाळचा पहिला कप झोप उडवण्याच्या कामी खर्ची पडतो. चव म्हणून जी काही असते ती दुसऱ्या कपाला. पंगतीत पहिली पुरणपोळी भुकेच्या खात्यात जमा होते, दुसरी आपली. सिनेमासुद्धा दुसऱ्यांदा पाहताना बरा वाटतो, कारण डुलकी नेमकी केव्हा काढायची हे ठाऊक असतं. पण ह्या यादीत हात धुवायचं बेसिन बसू शकतं, ही कल्पना मला वयाच्या ६३व्या वर्षापर्यंत शिवलेली नव्हती.

बेसिन एक, ही माझ्या दृष्टीने घराची व्याख्या होती. रावणाच्या घरी पाच-सहा बेसिनं असतील तर ते समजण्यासारखं आहे. आमच्या घरी माणसं तीन, तोंडं तीन, आणि तिघांनी एकाच वेळी तोंड धुतल्याची नोंद नाही. आई पहाटे चारला उठते, सौभाग्यवती सहाला, आणि मी निवृत्त आहे.

आमचं गाव वाशीम जिल्ह्यात. गावाचं नाव मुद्दामच सांगत नाही. गावात चांगला प्लंबर एकच आहे, तो माझा विद्यार्थी आहे, आणि माझ्या शिकवण्याचा त्याच्यावर एवढाच परिणाम झाला की तो छापलेलं सगळं वाचतो.

तर मुळापासून सांगतो. आमच्या घरात पूर्वी बाथरूम नव्हतं, न्हाणी होती. ज्यांना ह्या दोहोंतला फरक माहीत नाही त्यांच्यासाठी: बाथरूमला दार असतं, न्हाणीला अंधार असतो. शहाबादी फरशी, कोपऱ्यात रांजण, रांजणावर झाकण, झाकणावर तांब्या, आणि भिंतीच्या बुडाशी एक भोक. त्या भोकातून आंघोळीचं पाणी मागच्या वाड्यात जायचं. तिथे अळूची पानं हत्तीच्या कानाएवढी व्हायची आणि केळीचं एक बेट होतं. आम्ही भावंडं आंघोळ केली म्हणजे केळीला पाणी दिलं असंच आई समजायची. एखाद्या दिवशी आंघोळ चुकवली तर ‘अंग घाण राहील’ असं ती म्हणत नसे. ‘केळ सुकंन’ म्हणायची.

पुढे १९८०च्या दशकात वडिलांनी सुधारणा केली. वडिलांच्या पिढीत सुधारणा म्हणजे सिमेंट. न्हाणीचं भोक बुजलं, पाणी पाईपाने अंगणातल्या चेंबरात आणि तिथून नालीत गेलं, आणि बोळीच्या भिंतीवर एक पांढरंशुभ्र बेसिन बसलं. ते पाहायला लोक येत. येणाऱ्याला आधी हात धुवायला लावून मग चहा देत, हात स्वच्छ असोत की नसोत. केळी त्या उन्हाळ्यात वाळली. आईने ह्या घटनेवर त्या वेळी काहीच भाष्य केलं नाही. नंतर मात्र चाळीस वर्षं करत आली.

गेल्या हिवाळ्यात ती न्हाणीत घसरली. वय ८४. मनगटाला बारीक चीर गेली, सहा आठवडे प्लॅस्टर. डॉक्टरांनी हाताचा फोटो उजेडाकडे धरून बघितला आणि औषधाऐवजी फरशी बदलायला सांगितली: खरखरीत टाईल लावा, भिंतीला धरायला दांडी लावा, उंबरठा काढा. बाथरूम नवं करण्याचं असं ठरलं. मी ‘एक फरशी’ म्हणून वही उघडली. सौभाग्यवतींनी त्या वहीत चोविसाव्या ओळीवर लिहिलं: ‘बेसिन २’.

ह्या दोनच्या आकड्याचा उगम पुण्यात आहे. तिथे तिच्या भाच्याच्या फ्लॅटमध्ये एकाच ओट्यावर दोन बेसिनं शेजारी शेजारी बसवलेली आहेत, एक त्याचं आणि एक तिचं. दोघंही सकाळी साडेसातला घर सोडतात, त्यामुळे त्यांना ते लागतं हे मला पटतं. आम्हाला साडेसातला कुठे जायचं असतं? पण सौभाग्यवतींचा मुद्दा वेगळा होता. “चौतीस वर्षं तुमच्या दाढीचे केस काढून मी दात घासते आहे,” ती म्हणाली. ह्यावर उत्तर असेल तर सुज्ञ वाचकांनी मला खाजगीत कळवावं.

आईचं मत सगळ्यांत शेवटी विचारलं, कारण ते माहीत होतं.

“दोन बेसन लावून रायले म्हंते. पाणी दोन आहे का?”

इथे थोडा भूगोल सांगावा लागेल. आमच्या शाळेत भूगोलाचे एक सर होते. निवृत्तीनंतर ते रोज संध्याकाळी माझ्याकडे येतात आणि शिकवण्याची हौस माझ्यावर भागवतात. त्यांच्या कानावर आमची बेसिनची भानगड गेली तेव्हा ते खुर्चीतच सरसावले. म्हणाले, “अहो, इंग्रजीत नदीच्या खोऱ्याला बेसिनच म्हणतात. आणि आपल्या जिल्ह्याला मुळात दोन बेसिनं आहेत!” मग टेबलावर सांडलेल्या चहात बोट बुडवून त्यांनी मला नकाशा काढून दाखवला. वाशीम जिल्हा बसला आहे पाणलोटाच्या धारेवर. उत्तरेकडे काटेपूर्णा निघते. ती पूर्णेला मिळते, पूर्णा तापीला, आणि ते पाणी अरबी समुद्रात जातं. दक्षिणेला पैनगंगा, तिचं पाणी वर्धा, प्राणहिता, गोदावरी असं करत बंगालच्या उपसागरात. म्हणजे आमच्या कौलाच्या एका उतारावर पडलेला थेंब पश्चिमेला आणि दुसऱ्या उतारावरचा पूर्वेला, असा प्रकार. अडाण इथलीच, अरुणावती इथलीच. नद्या आमच्याकडे जन्म घेतात आणि कर्त्या झाल्या की नोकरीला बाहेरगावी जातात, आमच्या पोरांसारख्या. काटेपूर्णेवर मोठं धरण बांधलं ते अकोला जिल्ह्यात महानला. तिथून अकोला शहर पाणी पितं. जुन्या लोकांना हे कळत होतं म्हणून त्यांनी पडेल ते पाणी जागच्या जागी धरलं. वाशीमचं पद्मतीर्थ पाहा, बालाजीच्या देवळाजवळचा देवतलाव पाहा, कारंज्याचा ऋषितलाव पाहा. वाकाटकांनी आपल्या राजधानीसाठी, त्या वत्सगुल्मासाठी, हीच वाशीमची जागा निवडली तेव्हा पाण्याचं काय ठरवलं होतं ते मात्र सरांनाही सांगता आलं नाही. तोवर चहाचा नकाशा वाळलाही होता.

“म्हणजे बेसिनं दोन असून पाणी थांबत नाही, हेच ना?” मी विचारलं.

“तेच तर आजी म्हणताहेत,” सर म्हणाले.

आमच्याकडे नळ रोज येत नाही. नळ येतो तो दिवस सणासारखा असतो. फरक इतकाच की सणाची तारीख कॅलेंडरात असते. नळ आला की गल्लीत एक हाक जाते, पुरुष मंडळी टुल्लू पंपाकडे धावतात आणि बायका भांड्यांकडे. शहरी माणसाला रोज १३५ लिटर पाणी मिळावं असा सरकारी मापदंड आहे. मी तो आईला वाचून दाखवला तेव्हा तिने विचारलं, “अन् त्याच्यात गुरं धरून का?” १९७२च्या दुष्काळात ती बत्तीस वर्षांची होती. डोक्यावर गुंड, कडेवर माझी धाकटी बहीण, आणि विहिरीत उतरून वाटीने पाणी भरायचं. तिच्या हिशेबात पाणी लिटरात नसतंच. गुंडभर, कळशीभर, तांब्याभर, चूळभर. तांब्याभरात ती तोंड, हात आणि पाय धुते आणि उरलेलं तुळशीला घालते.

असो. वहीतल्या चोविसाव्या ओळीने जिंकायचंच होतं. मिस्तरी आला, प्लंबर आला.

प्लंबर दहावीत मराठीत दोनदा नापास झाला होता. “सर, तुमच्यामुळंच मी ह्या लाइनीत आलो,” असं तो चारचौघांत सांगतो. ते कौतुक आहे की तक्रार हे मला अजून ठरवता आलेलं नाही. पण पहिल्याच दिवशी त्याने मला असा एक धक्का दिला, की नोकरीची पस्तीस वर्षं सार्थकी लागली. सामानाच्या यादीत तो लिहीत होता: ‘नहाणी ट्रॅप १, गल्ली ट्रॅप १’.

“हे नहाणी ट्रॅप म्हणजे?”

“फरशीतली जाळी असते न सर, तिच्या खालचा. त्याले नहाणी ट्रॅपच म्हंतेत. इंजिनेरच्या पुस्तकातबी तेच हाय.”

मी खात्री करून घेतली. खरोखरच, देशभरातल्या इंजिनियरिंगच्या पुस्तकांत इंग्रजी लिपीत तो शब्द छापलेला असतो. मराठीचं भवितव्य काय ह्या विषयावर मी उभ्या आयुष्यात सोळा भाषणं केली. आमची न्हाणी इंग्रजी पाठ्यपुस्तकात शिरून बसली आहे आणि दूर दूरच्या प्रांतांतली पोरं ती परीक्षेसाठी पाठ करताहेत, हे मला कोणी सांगितलं नाही. गल्ली ट्रॅपने मात्र निराशा केली. तो आमच्या गल्लीतला नसून इंग्रजांचाच गली निघाला.

दुकानातही असंच शिक्षण चाललं. एल्बो, टी, युनियन, निपल. ‘रिड्यूसर’ नावाचा एक तुकडा असतो. तो जाड पाईपाचा बारीक पाईप करतो. असा माणसांसाठी निघाला तर मी दोन घेईन. दुकानदाराने “मेल की फीमेल?” असं खड्या आवाजात विचारलं तेव्हा मी मागे वळून पाहिलं. मागे माजी मुख्याध्यापिका उभ्या होत्या. प्रश्न पाईपाच्या आट्यांचा होता हे कळेपर्यंत मी आणि त्या दोघेही नळाच्या तोट्यांकडे अतिशय एकाग्रतेने पाहत होतो.

पूर्वी लोखंडी पाईपाच्या आट्यांना सूत गुंडाळून सफेदा फासायचे. आता सीपीव्हीसीचे पाईप डिंकासारख्या सोल्युशनने चिकटवतात, आणि आट्या असतील तिथे टेफलॉनची पांढरी टेप. ती आट्यांच्या दिशेनेच गुंडाळावी लागते, नाहीतर घट्ट करताना उलगडते. प्लंबरने हे मला तीनदा समजावलं. मी त्याला कर्मणी प्रयोग किती वेळा समजावला होता ते आठवून मी गप्प राहिलो.

पाणी आणायचा प्रश्न तसा सोपा निघाला. आमची टाकी स्लॅबवर, नळ खाली. मधलं अंतर जेमतेम आठ फूट. पाण्याचं प्रेशर उंचीवर ठरतं: दहा मीटर उंचीला सेंटीमीटरच्या चौकोनावर साधारण एक किलो. आठ फुटांना पाव किलोसुद्धा धड नाही. एकाच अर्धा इंची पाईपावर दोन नळ लावले तर दोघांची धार मिळून एका नळाची होते. म्हणून टाकीपासून पाऊण इंची पाईप खाली आणायचा आणि तिथे टी लावून दोन अर्धा इंची फाटे काढायचे. इथवर सगळं सुरळीत झालं. आणण्यात काही नसतं. जगातले सगळे तंटे न्यायचं कसं ह्यावरून होतात.

बेसिनच्या पोटाखाली पाईपाला जो बाक असतो ना, तो मी आजवर शोभेचा समजत होतो. तो बाक म्हणजेच ट्रॅप. त्यात नेहमी थोडं पाणी साचून राहतं, आणि ते पाणी पहारा करतं: नालीतला वास आणि झुरळं घरात येऊ देत नाही. १७७५ साली अलेक्झांडर कमिंग नावाच्या एका घड्याळजीने लंडनमध्ये ह्या बाकाचं पेटंट घेतलं, ते संडासासाठी. वास किती वाजता येतो हे मोजता मोजता तो त्याच्या मागे लागला असावा. उन्हाळ्यात महिनाभर बाहेरगावी राहून परत आलं की घर जो वास अंगावर फेकतं, तो ह्याच पहारेकऱ्याचा सूड: ट्रॅपमधलं पाणी तेवढ्यात वाळून गेलेलं असतं.

एका ट्रॅपचं हे असं. दोन ट्रॅप एका पाईपाला जोडले की भाऊबंदकी सुरू होते. प्लंबरने आधी तसंच केलं, कारण दुकानदाराने त्याला सांगितलं होतं की हल्ली सगळे तसंच करतात. नवं बेसिन जुन्याच्या शेजारी तात्पुरतं टेकवलं, दोघांचे पाईप भिंतीत एकत्र केले आणि उद्घाटनासाठी मला बोलावलं. मी डाव्या बेसिनमध्ये चूळ भरली. उजव्या बेसिनने गुळण्या केल्या.

मी दचकून पाहिलं. उजवीकडे कोणी नव्हतं. पुन्हा चूळ भरली, पुन्हा उजवीकडून ‘गुडगुडगुड... खळ्’. आमचे वडील सकाळी घसा साफ करत त्याची हुबेहूब आठवण झाली. दुसऱ्या दिवशी सौभाग्यवतींच्या टूथपेस्टचा फेस माझ्या बेसिनमध्ये वर आला, आणि तिसऱ्या दिवशी वास. चौतीस वर्षांच्या तक्रारीचं निवारण करायला निघालो होतो. आता ती समोरासमोर बसून दोन्ही बाजूंनी करता येत होती.

कारण असं की एका बेसिनचं पाणी पाईप भरून खाली धावलं की मागे हवा ओढतं. हवा यायला वाट नसली तर ते शेजारच्या ट्रॅपमधलं पाणीच ओढून नेतं. पहारेकरी गेला की दार उघडं. ह्यावर उपाय दोन. एक, पाईपाला वरून हवा द्यायची: वेंट पाईप भिंतीतून, स्लॅबमधून, गच्चीच्या वर मोकळ्या आकाशात न्यायचा. म्हणजे मागच्याच पावसाळ्याआधी वॉटरप्रूफिंग केलेल्या स्लॅबला भोक पाडायचं. सौभाग्यवती गच्चीकडे आणि मी पासबुकाकडे पाहू लागलो.

दुसरा उपाय, नव्या बेसिनला चेंबरापर्यंत स्वतंत्र पाईप. त्याला फुटाला पाव इंच उतार लागतो. चेंबर चौदा फुटांवर, म्हणजे साडेतीन इंच उतार हवा. प्लंबरने पारदर्शक नळीत पाणी भरून लेव्हल घेतली, परत घेतली, आणि डोकं खाजवलं. उतार निघाला दोन इंच.

“पहिले तं बराबर असंन सर. चेंबर वर आलं.”

“चेंबर वर कसं येईल?”

“काळी जमीन हाय न.”

हे मात्र शंभर टक्के खरं. आमच्याकडची काळी कापसाची जमीन कोणाच्या बापाची चाकर नाही. मे महिन्यात तिला अशा भेगा पडतात की किल्ली पडली तर पाताळात. पावसाळ्यात तीच माती पाणी पिऊन टम्म फुगते आणि वरचं सगळं उचलते. कुंपणाच्या भिंती तडकतात, पायऱ्या निखळतात, जमिनीतले पाईप मान वर काढतात. सोयाबीन आणि तूर हिच्यात डोलतात, पण सिमेंटवर हिचा राग आहे. चाळीस पावसाळ्यांत तिने वडिलांचं चेंबर दीड इंच वर ढकललं होतं.

त्या दिवशी काम थांबलं. प्लंबर, मिस्तरी, मी आणि भूगोलाचे सर बाथरूममध्ये उभे राहून भिंतीकडे पाहत होतो. चार पुरुष एकत्र येऊन भिंतीकडे पाहू लागले की काम चाललं आहे असा भास होतो. आई दांडीला धरत आत आली. दांडी दोन दिवसांपूर्वी बसली होती आणि ती दिवसातून आठ वेळा तिची परीक्षा घेत असे.

“काहून थांबले रे?”

प्लंबरने तिला सगळं सांगितलं, आणि मला कबूल केलं पाहिजे की माझ्यापेक्षा त्याने चांगलं सांगितलं. ट्रॅप, हवा, उतार, काळी माती. आईने ऐकून घेतलं आणि काठीने मागच्या भिंतीच्या बुडाशी एक जागा ठोकली. टाईलच्या मागून पोकळ आवाज आला.

“इथं भोक होतं. आता बुजलं. तेच खोल. पाणी वाड्यात जाऊ दे, केळीत.”

“आजी, केळ कुठं हाय?”

“पाणी गेलं का येते.”

प्लंबर माझ्याकडे पाहू लागला, मी सरांकडे, सर भिंतीकडे. काही काही वेळा विज्ञान असं सोपं होतं की अपमान वाटतो. वेगळा पाईप म्हणजे ओढाओढीचा प्रश्नच नाही. वेंट नको, स्लॅब नको. भिंत नऊ इंच जाड, वाडा दीड फूट खोल, उतार हवा तेवढा. चेंबरशी संबंध नाही, तेव्हा काळ्या मातीशी भांडण नाही. दोन बेसिनं, दोन दिशा. एकाचं पाणी नालीत, दुसऱ्याचं वाड्यात. सर हळूच म्हणाले, “पाणलोट,” आणि गप्प झाले.

पण बेसिन त्या भिंतीवर लावायचं तर शेजारी-शेजारी राहत नव्हतं. पुण्याच्या भाच्याची जोडी मोडत होती. सौभाग्यवती आल्या तेव्हा आई त्या भिंतीसमोर उभी होती. प्लंबरने बेसिन हातात धरून भिंतीला टेकवलं होतं, नेहमीच्या बत्तीस इंचांवर. आईने हात पुढे केले, तिथे नसलेला नळ उघडला आणि नसलेल्या पाण्याने तोंड धुतलं. कोपरं वर गेली, बाह्या मागे आल्या, आणि प्लॅस्टर काढलेलं मनगट अर्ध्यातच थांबलं. जुन्या बेसिनवर ती कधी जात नसे. आम्हाला वाटायचं की तिचा त्याच्यावर केळीचा राग आहे. पहाटे चारला ती अंधारात न्हाणीत उकिडवी का बसत होती ते तेव्हा आम्हा दोघांच्या एकदम लक्षात आलं. कोणी काही बोललं नाही. प्लंबरने बेसिन खाली सरकवलं. एक वीत. आईने परत तोंड धुतलं. अजून दोन बोटं. मग तिने मागे हात करून चाचपलं. सौभाग्यवतींनी लाकडी स्टूल सरकवलं. आई बसली, आणि नसलेली चूळ भरून थुंकली.

“इथं लाव.”

त्याने पेन्सिलने रेघ मारली आणि मोजलं. पंचवीस इंच.

“आजी, हे तं लेकराच्या उंचीचं झालं.”

“मंग मी काय आता मोठी होऊन रायली का?”

सौभाग्यवतींनी चोविसाव्या ओळीवरचा हक्क त्याच क्षणी सोडला; वर “आणि हिचा नळ दांडीचा लावा, फिरवायचा नको, हाताला जोर पडतो,” असंही सांगितलं. मी मात्र जुन्या बेसिनजवळ माझ्या दाढीसाठी वेगळा मग ठेवू लागलो आहे. तह म्हणतात तो असाच होतो. मोठ्या कलमांवर नव्हे, मगावर.

बिल आलं ते प्लंबरच्या अक्षरात. पहिलीच ओळ: ‘बेसन, नग दोन’. आमच्या वऱ्हाडात पिठल्याला बेसन म्हणतात. मी लाल पेन उचललं, सवयीने. मग वाटलं, घरात सगळे बेसनच म्हणतात, तो तेवढा बरोबर लिहिल असा हट्ट का? आकडे बरोबर होते. बेरीज त्याने माझ्यापेक्षा लवकर केली. मराठीत दोन मार्क वाढवून पैसे दिले.

केळीचा कोंब आईने शेजारच्यांकडून आणवला. खड्डा प्लंबरनेच खणला, तळाशी विटांचे तुकडे आणि वर शेणखत घातलं, म्हणजे पाणी साचून डास होणार नाहीत. पाईपाच्या तोंडाला जाळी लावली. साबणाचं पाणी चालतं का ह्यावर भूगोलाच्या सरांनी तीन दिवस घेतले आणि ‘थोडं चालतं’ असा निकाल दिला. केळ सध्या माझ्या खांद्याएवढी आहे.

एक अडचण मात्र निर्माण झाली आहे. आईचं आयुष्य पाणी वाचवण्यात गेलं. तांब्याभरात तोंड, हात, पाय आणि तुळस. आता एवढ्याशा पाण्याने केळीचं भागत नाही. तेव्हा दिवाळीत पुण्याहून नात आली (पाच वर्षांची, पंचवीस इंचांचं बेसिन तिने आल्याबरोबर आपलं म्हणून जाहीर केलं) तेव्हा घरात एक नवा आवाज ऐकू येऊ लागला. नात खेळून आली की आवाज येई. जेवून उठली की येई. एकदा तर ती नुसती दारावरून चालली होती.

“कुठं चालली व माय? इकडं ये. हात धू. काल बराबर धुतले नाईत, केळीनं मान टाकली.”